चादरीबाहेरचा फोटो

माझी धाकटी बहीण फोटोग्राफर आहे म्हटलं की लोक लगेच विचारतात, "अरे वा, लग्नाचे घेते का?" नाही हो, लग्नाचे घेत नाही. घेत असती तर एव्हाना स्टुडिओचं छप्पर तरी गळायचं थांबलं असतं. ती मेलेल्या साहेबांशी भांडते. साहेब म्हणजे ज्यांनी आमच्या आजा-पणजावर राज्य केलं ते. ते गेले, त्यांचे पुतळे उतरले, रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, सगळं कसं शांत झालं होतं. आणि हिनं त्यांच्या पेट्या उघडून भांडण पुन्हा उकरून काढलं. तेही फोटो काढून! मी शिवणकाम करणारी बाई. मला तोंडानं केलेलं भांडण कळतं. फोटोतून भांडायचं म्हणजे काय, हे समजायला मला फार वर्षं लागली, आणि सगळं समजलंय असं मी अजूनही म्हणत नाही.

स्टुडिओ तिचा, त्याला लागून दुकान माझं, मध्ये एक पातळ भिंत. मी मशीन चालवायला लागले की तिच्या शेल्फवरच्या बाटल्या थरथरतात आणि ती पलीकडून ओरडते, "ताई, जरा दम धर!" मी कशाला दम धरू? गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर उभं असतं.

स्टुडिओ मुळात अप्पांचा, आमच्या वडिलांचा. पासपोर्ट कचेरीच्या बरोबर समोर, त्यामुळे येणारं माणूस नेहमी घाईत. मोठ्यांचे फोटो काढणं सोपं. खरी कसोटी तान्ह्या बाळांची. नियम असा की मागे पांढरं हवं, बाळाचं तोंड समोर हवं, डोळे उघडे हवेत आणि दुसरं कुणीही दिसता कामा नये. आता जे पोर अजून मान धरत नाही, त्याला हा नियम कोण समजावणार? अप्पांनी त्यावर तोडगा काढला होता. तो तोडगा म्हणजे आमची आई.

आई स्टुलावर बसायची. डोक्यावरून पायांपर्यंत पांढरी चादर ओढून घ्यायची. बाळ तिच्या मांडीवर, चादरीच्या वर. आणि चादरीच्या आतून आईचे दोन्ही हात बाळाची मान आणि पाठ धरून. आत ती काहीतरी गुणगुणायची, बाळ गप्प व्हायचं. अप्पा किल्ल्यांचा जुडगा वाजवायचे, बाळ वर बघायचं, की झालं काम. तरीही एखादं बोट दिसलंच, तर अप्पा बारीक ब्रशनं ते पुसून टाकायचे. आमच्या शहरातली निम्मी पोरं आईच्या मांडीवर बसून परदेशी गेली म्हणा ना! आणि एकाही पासपोर्टात आई नाही.

त्यामुळे तिला एक खोड लागली होती. कॅमेरा दिसला की ती आपोआप बाजूला सरायची. "माझं काय काम तिथे?" माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आई म्हणजे एक खांदा आहे. माझ्या मुलाच्या बारशा-वाढदिवसांच्या फोटोंत आई म्हणजे दारातून बाहेर जाणारी पाठ. आमचे हे म्हणायचे, "तुमच्या आई गुप्तहेर होत्या का गं आधी?" फोटोग्राफरची बायको, आणि तोंड दिसेल असा तिचा एक फोटो घरात नाही. यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. आई म्हणजे अशीच.

धाकटी अप्पांच्या हाताखाली शिकली, मग कलाशाळेत गेली, आणि तिथून संग्रहालयाच्या तळघरात नोकरीला लागली. काम काय, तर साहेबांच्या काळातल्या जुन्या फोटोंच्या नकला काढायच्या. रोज घरी येऊन सांगायची. एका अल्बममध्ये आमच्यासारखी माणसं ओळीनं उभी केलेली, एकदा समोरून, एकदा बाजूनं, शेजारी उंची मोजायची पट्टी. खाली नाव नाही. 'पाणक्या.' 'परटीण.' 'डोंगरी जमातीचा नमुना.' मी म्हटलं, "मीसुद्धा गिऱ्हाइकांची मापं घेते बाई, पण वहीत नाव लिहून घेते." ती हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्रकरण गंभीर आहे.

मग एक दिवस ती दुकानात आली आणि माझ्या कापडावर एक कागद ठेवला. "ताई, ही बघ आई."

मी बघितलं. फोटोत झालर लावलेल्या झग्यातलं एक गोरंगोमटं बाळ. पायाशी कुत्रा. बाळाच्या मागे नक्षीची चादर, खुर्चीवर टाकावी तशी. खाली बाळाचं नाव, वय, आणि कुत्र्याचंही नाव. "डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं. "हा शंभर वर्षांपूर्वीचा फोटो आहे. आई कुठून येणार यात?"

"नीट बघ तर."

नीट बघितलं. ती खुर्ची नव्हती. चादरीला खांदे होते, डोकं होतं. आणि चादरीच्या कडेतून एक सावळा हात बाहेर येऊन बाळाच्या पोटाभोवती गेला होता. दाई होती ती. त्या काळात फोटो निघायला वेळ लागायचा, बाळ हलू नये म्हणून धरून बसवलेली. कुत्र्याला नाव होतं.

तिची कारकीर्द म्हणतात ती तिथून सुरू झाली. नोकरी सोडली. अप्पा गेल्यावर स्टुडिओ घेतला, आणि साहेब ज्या पद्धतीनं फोटो काढायचे तीच शिकून घेतली. लाकडी पेटीएवढा कॅमेरा. काचेवर औषध ओतायचं, काच ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि सुकायच्या आत धुवायची. त्या औषधानं तिची बोटं काळी पडली ती पडलीच. साबण, लिंबू, सगळं झालं. आई म्हणायची, "अगं, अशा बोटांच्या मुलीला करून कोण घेणार?" कुणी घेतलं नाही, आणि हिनंही कुणाला विचारलं नाही. विषय संपला.

ती फोटो काढायची कुणाचे? ड्रायव्हर, आया, क्लबातला खानसामा, बंगल्यांचे रखवालदार. साहेब गेले तरी त्यांच्या जागा भरून निघाल्या होत्याच की. पण तिचा एक नियम होता. माणूस स्वतः 'हं' म्हटल्याशिवाय ती कॅमेऱ्याचं झाकण काढायची नाही, आणि फोटोखाली काय लिहायचं ते त्याच माणसानं सांगायचं. एका झाडूवाल्या बाईनं आपल्या नावापुढे लिहायला लावलं, 'उत्तम पोहते'. तो फोटो माझा सगळ्यांत आवडता.

मग तिनं स्वतःचेही काढले. साहेबाच्या कोटात, साहेबाच्या मडमेच्या झग्यात, आणि शेवटी त्या उंची मोजायच्या पट्टीशेजारी उभं राहून. कपडे सगळे मी शिवले. तो कोट शिवताना माझ्या नाकी नऊ आले, त्याला बटणंच किती! एकदा फिटिंगला उभी असताना ती आरशात बघत म्हणाली, "ताई, मी नक्की कोण आहे गं?"

"माझी बहीण आहेस," मी म्हटलं. "हात वर कर, काखेत ओढतंय."

पण तिच्या आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. परदेशात, साहेबांच्याच मुलखात, तिचं प्रदर्शन भरलं. तिथे एका बाईंनी तिला म्हटलं, तुम्ही आमची भाषा किती सुरेख बोलता! परत आल्यावर धाकटी माझ्या कटिंगच्या टेबलावर बसून रडली. "मी त्यांच्याच भाषेत त्यांना शिव्या घालते ताई. आणि शिव्या घालण्याइतकी दुसरी कुठली भाषा मला येतच नाही." इकडचे लोक तर आणखी पुढचे. एकानं पेपरात लिहिलं की ही आपल्याच माणसांची लाचारी बाहेर नेऊन विकते. मी त्या पेपरचा फर्मा कापला, बाहीचा. दुसरं काय करणार? तेव्हा मला तिची फार दया आली. दोन्ही घरची पाहुणी झाली होती बिचारी.

हे सगळं होत असताना आईची मान हलायला लागली. आधी चहाचा कप थरथरायचा, मग मान. डॉक्टर भला माणूस. त्यानं आम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, कंप वाढत जाईल, आणि चेहराही हळूहळू बसत जाईल. म्हणजे मनात हसू आलं तरी तोंडावर उमटायचं नाही. आम्ही दोघी दवाखान्याच्या जिन्यात उभ्या होतो. मला एवढंच सुचलं की आईचं हसू आपल्याकडे कुठेच नाही. ना भिंतीवर, ना कपाटात.

आणि त्याच सुमाराला संग्रहालयाच्या बाई स्टुडिओत आल्या. जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यात नवं दालन उघडणार होतं. गव्हर्नरचा दिवाणखाना, समोरची सगळ्यांत मोठी भिंत, आणि त्या भिंतीवर धाकटीचा एकच फोटो. अशी संधी माणसाला एकदाच मिळते. बाई गेल्या, आणि धाकटी भिंतीपलीकडून पळत माझ्याकडे आली. डोळे नुसते चमकत होते.

"ताई, ठरलं! आई चादरीखाली बसेल. मांडीवर कुणी नाही. नुसती चादर आणि आईचे हात. आई हो म्हणाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कात्री टेबलावर आपटली मी. "म्हणाली असेल! ती कशाला नाही म्हणेल? जन्मभर तिथेच बसलीये ती!"

"तेच तर दाखवायचंय ना!"

"कुणाला दाखवतेस? साहेबानं त्या दाईचं नाव लिहिलं नाही, अप्पांनी आईची बोटं पुसली, आणि आता तू आईला भिंतीएवढी मोठी करून पुन्हा चादरीत घालतेस! झाडूवालीला विचारतेस, बाई तुमच्याबद्दल काय लिहू. आईला विचारलंस? की आई म्हणजे घरचीच, तिला काय विचारायचं?"

"तुला कला कळत नाही," ती म्हणाली.

"नाही कळत. आई कळते. सहा महिन्यांनी तिचं तोंड तुला शोधून सापडायचं नाही, आणि तू तिच्या चादरीचा फोटो काढतेस. शाब्बास!"

ती पांढरीफटक पडली आणि निघून गेली. मग आमचं बोलणं बंद. भिंतीपलीकडे ती, अलीकडे मी. मशीन मी मुद्दाम जोरात चालवत होते, कबूल आहे. आमचे हे घरी म्हणाले, "जा की, बोल तिच्याशी." मी म्हटलं, "तुम्ही जेवा."

शेवटी तीच आली. पण माझ्या दुकानात नाही, स्टुडिओच्या वरच्या घरात, आईकडे. मी आईच्या केसांना तेल लावत होते. धाकटी आईच्या पायाशी जमिनीवर बसली. "आई, मला तुझा फोटो काढायचाय. चादर नको. तुझा."

"माझं मेलीचं काय बघायचंय?" आई म्हणाली. "ही मान बघ, डुगडुग डुगडुग. लोक हसतील."

"कुणी हसणार नाही."

"अगं, फोनवर पटकन काढून घे ना," मी मध्येच म्हटलं, "तिला कळायच्या आत."

"नाही," धाकटी म्हणाली. "साहेब न विचारता काढायचे. आई हं म्हणेल तरच." आणि ती तशीच बसून राहिली, हट्टी मुलीसारखी. आईनं बराच वेळ तिच्या काळ्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं, हं. काढ बाई एकदाचा."

पण हं म्हणून भागतंय थोडंच? त्या कॅमेऱ्यापुढे माणसाला दगडासारखं बसावं लागतं. धाकटीकडे एक लोखंडी दांडा होता, साहेबांच्या काळातला. वर चिमटा, तो मानेमागे लावायचा, म्हणजे डोकं हलत नाही. त्या अल्बममधल्या सगळ्या पाणक्यांच्या, परटिणींच्या मागे हाच दांडा असायचा म्हणे. तिनं तो आईच्या मागे उभा केला. मला बघवेना. आई मी शिवलेला निळा स्वच्छ झगा घालून, केस विंचरून, ताठ बसलेली, आणि तिची मान त्या लोखंडावर टकटक टकटक वाजत होती. खोलीत दुसरा आवाज नव्हता. धाकटीनं ओठ आवळून फोटो काढला, काच धुतली. खांदे स्वच्छ आले होते, झग्याची शिवणसुद्धा दिसत होती. तोंडाच्या जागी नुसता धूर.

"आण इकडे," आई म्हणाली. तिनं काच उजेडात धरली आणि चक्क वैतागली. "असा फोटो गिऱ्हाइकाला देशील का? अप्पांनी परत काढायला लावला असता."

"आई, मान..."

"मान हलते हे मला ठाऊक आहे. मान न धरणाऱ्या किती पोरांचे फोटो काढले आपण! ते लोखंड काढ आधी. मागे बस, आणि हातानं धर."

आईनंच घडी घातलेली पांढरी चादर काढली, धाकटीच्या डोक्यावरून टाकली, कोपरे ओढून नीट केली. "पाय आत घे. हं. आता हात. कानांच्या मागे, घट्ट नको. बोटं दिसली तर दिसू देत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू काय बघतेस? झाकण कोण काढणार?"

कॅमेऱ्याला मी तोपर्यंत कधी हात लावला नव्हता. धाकटी चादरीखालून आकडे मोजणार, तिनं 'बंद' म्हटलं की मी झाकण लावायचं, असं ठरलं. मी झाकण काढलं. आई समोर बघत होती, सरळ कॅमेऱ्यात, जन्मात पहिल्यांदा. मान थांबली होती. केसांत आठ-दहा काळी बोटं. चादरीतून आवाज येत होता, एक, दोन, तीन. आणि मध्येच आईचे ओठ हलले. काहीतरी पुटपुटली ती, मागे बसलेल्या धाकटीला. मी लांब होते, मला ऐकू गेलं नाही. पण चादरीखालचे आकडे थांबले. मी झाकण हातात घेऊन वेड्यासारखी उभी, बंद म्हणतच नाही ही! शेवटी माझं मीच लावून टाकलं.

धाकटी बाहेर आली तेव्हा तिचं तोंड रडून लाल झालं होतं. काच धुतली. डोळे लखलखीत, प्रत्येक सुरकुती जागच्या जागी, आणि ओठ तेवढे पुसट. मी म्हटलं, "अरेरे, परत काढू या."

"नाही," ती म्हणाली. "हाच."

"पण बोलली काय ती?" तिनं मान हलवली, आणि सांगितलं नाही.

दालन उघडलं त्या दिवशी आईला चाकांच्या खुर्चीतून नेलं. चेहरा तोवर पुष्कळ बसला होता. गव्हर्नरच्या दिवाणखान्यात, त्या मोठ्या भिंतीवर आमची आई होती, खिडकीएवढे डोळे आणि केसांत माझ्या बहिणीची बोटं. खाली आईचं पूर्ण नाव, आणि तिनंच सांगितलेलं, 'पासपोर्ट फोटोंचं काम केलं'. लोक गर्दी करून बघत होते. खुर्चीतली आई आणि भिंतीवरची आई एकमेकींकडे बघत होत्या, आणि खुर्चीतल्या आईच्या मनात काय चाललंय ते तोंडावरून काही कळत नव्हतं.

एक चष्मेवाले गृहस्थ आमच्या शेजारी उभे राहून दुसऱ्या कुणाला समजावत होते की ते पुसट ओठ म्हणजे पराजितांचा दाबून टाकलेला आवाज. "आवाज कसला दाबलाय, बोलतेय ती!" मी मोठ्यानं म्हटलं. गृहस्थ सटकले. मी धाकटीला दंडाला धरून खिडकीशी नेलं. "आता पुरे झालं. आज सांगितल्याशिवाय तुला सोडत नाही. काय म्हणाली ती तेव्हा?"

धाकटीनं फोटोकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "म्हणाली, हात भरून आले असतील गं तुझे. दुखत असतील तर सांग, मी फोटो थांबवते."

आम्ही तिच्या पोटच्या दोन मुली, आणि अप्पा, आणि पोरं घेऊन येणारे ते सगळे आईबाप. आईला हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. मी गर्दीतून वाट काढत आईच्या खुर्चीपाशी गेले, खाली बसले, तिचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि सगळ्यांसमोर, कुणाची पर्वा न करता, ते चेपत राहिले.